ईस्टरची तयारी : शनिवारची रात्र मोकळी ठेवा

ख्रिस्ती घरात नव्याने आलेली सून किंवा जावई, नुकताच स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) घेतलेला माणूस, वसईचं एकत्र कुटुंब सोडून पुण्यात संसार मांडलेलं जोडपं, या सगळ्यांना नाताळ जमतो. गोठा, चांदणी, करंज्या, केक, झालं. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मात्र पहिल्या वर्षी हमखास फसतो. लोक त्याला रविवारच्या जेवणाचा सण समजतात आणि शनिवारी रात्री स्वयंपाकघरात अडकून पडतात. खरा सण त्याच वेळी चर्चच्या अंगणात, अंधारात पेटलेल्या शेकोटीपासून सुरू होत असतो.

म्हणून पुढची सगळी आखणी एकाच हिशेबाने केली आहे : शनिवारी संध्याकाळी सहानंतर घरात कुणाच्याही हाताला काम नसावं. क्रम कॅथलिक धर्मग्रामाचा (पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचा) आहे, वसई-मुंबई-पुणे पट्ट्यात मराठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होते तिथला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

तारीख आणि सुट्ट्या

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, हा नियम. ढोबळ अंदाज आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही बांधता येतो : होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा बघा, त्यानंतरचा रविवार. २०२४ साली होळीनंतरचा ३१ मार्च, २०२६ साली हनुमान जयंतीनंतरचा ५ एप्रिल. पण चर्च आकाशातली पौर्णिमा पाहत नाही, तिची स्वतःची कोष्टकं आहेत. तेव्हा तिकिटं काढण्याआधी धर्मग्रामाचं वेळापत्रक बघा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, २०२८ मध्ये १६ एप्रिलला.

महाराष्ट्रात गुड फ्रायडेची सुट्टी असते, आदल्या दिवसाची, पवित्र गुरुवारची नसते. गुरुवारची मिस्सा संध्याकाळची असल्यामुळे निदान अर्धा दिवस रजा टाका. लोकलने धापा टाकत येऊन शेवटच्या बाकावर टेकणं म्हणजे अर्धा गुरुवार हुकला. ईस्टरनंतरच्या सोमवारीही इथे सुट्टी नसते, म्हणून पाहुण्यांना रविवारी दुपारीच बोलवा, रात्री नको.

आधीचे पंधरा दिवस

पहिलं काम पापनिवेदनाचं, म्हणजे फादरांसमोर आपली पापं कबूल करण्याचं; गोव्याकडचे लोक त्याला कुमसार म्हणतात. बहुतेक धर्मग्रामांत ईस्टरआधीच्या पंधरवड्यात एखाद्या संध्याकाळी आजूबाजूचे चार-पाच फादर एकत्र बसतात. तीच संध्याकाळ पकडा. पवित्र शनिवारीही पापनिवेदन घेता येतं, पण तेव्हा रांग दारापर्यंत असते आणि फादर थकलेले असतात. पुष्कळ वर्षांनी जात असाल तर आत गेल्या गेल्या तेवढंच सांगा. पुढचं फादर विचारून घेतात. प्रार्थना पाठ नाही म्हणून लाजायचं कारण नाही.

दुसरं काम खरेदीचं. मेणबत्त्या माणशी एक, बोटाएवढ्या जाडीच्या आणि निदान वीतभर लांब. वाढदिवसाच्या केकवरच्या बारीक मेणबत्त्या पाच मिनिटांत संपतात आणि बोट भाजतं. प्रत्येकीला कागदी कपाच्या बुडाला भोक पाडून तो खालून वर सरकवून ठेवा, वितळलेलं मेण त्यात साठतं. पवित्र पाणी आणायला झाकणाची छोटी बाटली धुऊन ठेवा. लेबल काढून टाका, नाहीतर वर्षभर फ्रिजमध्ये कुणीतरी ती सोड्याची समजून उघडत राहतं.

कांद्याची सुकी सालंही आतापासून एका पिशवीत जमवायला लागा. ती कशासाठी, ते खाली आहे.

झावळ्यांचा रविवार

ईस्टरच्या आधीचा रविवार. झावळ्या चर्चच्या बाहेर आशीर्वादित होतात, मग मिरवणूक आत जाते. मिस्साच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी अंगणात पोहोचा. त्या दिवशी प्रभूच्या दुःखसहनाचं लांब वाचन उभं राहून ऐकायचं असतं. म्हाताऱ्या माणसांना बसायला कुणी मनाई करत नाही, पण बाकाची कडेची जागा आधीच धरून द्या.

झावळीची पाती ओली असतानाच तिचा क्रूस विणतात. दुपारपर्यंत ती सुकते आणि दुमडताना तुटते. लगेच जमणार नसेल तर ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवा. विणलेला क्रूस देवघरातल्या क्रुसामागे खोचायचा, केराच्या डब्यात कधीही नाही.

गुरुवार आणि शुक्रवार

गुरुवारच्या मिस्सात 'गौरव' हे स्तुतिगीत गाताना घंटा वाजतात आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. त्यांच्या जागी काही ठिकाणी लाकडी खटखटं वाजवतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर काही जणांचे, बहुधा बारांचे, पाय धुतात. २०१६ पासून यात बायकांनाही अधिकृतपणे घेता येतं. तुमची निवड झाली तर चपला घालून या, बूट-मोजे नको, आणि पँटची घडी घोट्यावर चढेल अशी असू द्या. (पाय घरून धुऊनच येतात सगळे. ते धर्मात नाही, पण फादरांची लाज राखायला बरं.) मिस्सानंतर वेदी उघडी करतात, फुलं आणि कापडं काढून नेतात. अशा वेळी शेवटचा आशीर्वाद झाला नाही म्हणून चुळबुळ करू नका. तो त्या दिवशी नसतोच. लोक शांतपणे आराधनेला बसतात आणि ज्याला जायचं तो आवाज न करता निघतो.

शुक्रवारी जगभर कुठेच मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास विधी असतो : दुःखसहनाचं वाचन, क्रुसाची वंदना, आणि आदल्या दिवशी राखून ठेवलेला ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन). सकाळी क्रुसाची वाट करतात, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या एकेका प्रसंगापाशी थांबून प्रार्थना. मार्च-एप्रिलच्या उन्हात चौदा स्थानकं चालायची म्हणजे टोपी, पाणी आणि सुती कपडे हवेत. उपास असला तरी पाणी प्यायचं असतं. न पिता चक्कर येऊन पडणारा माणूस दरवर्षी एखादा तरी निघतोच.

उपासाचा नियम असा : अठरा पूर्ण झाल्यापासून एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत दिवसात एक पूर्ण जेवण, आणि हवं तर दोन छोटे घास-पाणी, जे मिळून एका जेवणाएवढे होणार नाहीत. मांस वर्ज्य, चौदा वर्षांपासून पुढे सगळ्यांना. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई यांना उपास नाही. मधुमेहाची गोळी चुकवून उपास करण्यात पुण्य काहीच नाही. मासळी नियमाने चालते, पण ताजं पापलेट तळून उपास पाळला म्हणणं जरा जास्तच होतं. भाताची पेज, कैरीचं लोणचं, फार तर डाळ. एवढ्यात दिवस निघतो आणि स्वयंपाकघरही थंड राहतं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शुक्रवारी बारा ते तीन अशी उपासना असते आणि क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकेक प्रवचन होतं. तीन तास बसायचंय, तेव्हा लहान मुलांना आळीपाळीने बाहेर न्यायची सोय आधी लावा.

ऑफिसातले मित्र येशूच्या मरणाच्या या दिवशी 'हॅपी गुड फ्रायडे' असा फुलाफुलांचा मेसेज पाठवतात. रागावू नका. धन्यवाद म्हणा आणि रविवारी पाठवा म्हणून सांगा.

शनिवारची रात्र

दिवसभर चर्च रिकामं असतं, वेदी उघडी. घरी दुपारी मुलांना झोपवा, मोठ्यांनीही तासभर पडावं. संध्याकाळी सातच्या आत हलकं खाऊन घ्या. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं आणि त्या रात्री तो खूप उशिरा येतो, म्हणून उपाशी राहून जाण्यात अर्थ नाही. विधी दोन ते अडीच तास चालतो, मोठ्या माणसांचे स्नानसंस्कार असतील तर आणखी लांबतो. अंधार पडल्यावरच सुरू होतो, म्हणून शेवटची रिक्षा, शेवटची बस, सोबत, याचा बंदोबस्त आधी करा.

अंगणात नवा अग्नी पेटवतात. पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती आणली जाते. फादर तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, त्या वर्षाचे चार आकडे कोरतात आणि पाच जखमांची खूण म्हणून धुपाचे पाच खडे खोचतात. हे बघायला पुढे उभं राहा; मागे नुसती डोकी दिसतात. मग ती मेणबत्ती पेटते आणि काळोख्या चर्चमध्ये शिरते. दारात, मधोमध आणि वेदीसमोर असं तीनदा थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा गायली जाते, लोक देवाचे आभार मानून उत्तर देतात. दुसऱ्या थांब्यानंतर ज्योत हातोहात मागे येते.

इथेच कपडे बिघडतात. पेटलेली मेणबत्ती तिरकी करून दुसऱ्याची पेटवायला गेलं की मेण थेट शेजारणीच्या साडीवर. पद्धत उलटी : पेटलेली मेणबत्ती सरळ उभी धरायची, विझलेलीने वाकून तिच्याकडून ज्योत घ्यायची. हे मुलांना घरी दोनदा करून दाखवा. साडीचा पदर आणि ओढणी पिनांनी खांद्याला घट्ट, मोकळे केस मागे बांधलेले. सिंथेटिक फ्रॉक त्या रात्री घालू नये. तरी मेण सांडलंच तर तिथल्या तिथे पुसू नका, पसरतं. घरी गेल्यावर सुकलेलं मेण नखाने उचकटा, मग वर-खाली टिश्यू पेपर ठेवून कोमट इस्त्री फिरवा. रेशीम असेल तर धुलाईवाल्याकडे द्या.

पास्काचं गौरवगीत संपेपर्यंत मेणबत्ती हातात पेटती राहते, मग विझवायची. जपून ठेवा, ती पुन्हा लागणार आहे. पुढे बायबलमधली वाचनं येतात : जुन्या करारातली सात, नव्यातली दोन. बरेच फादर जुन्या करारातली तीन-चारच घेतात, पण समुद्र दुभंगून इस्राएल लोक पार झाले ते निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातलं वाचन कधीच गाळत नाहीत. नवख्या माणसाला इथेच कंटाळा येतो, कारण मागचापुढचा संबंध लागत नाही. उपाय सोपा : आठवडाभर रोज रात्री एकेक वाचन घरी मोठ्याने वाचा. मुलांना समुद्राची गोष्ट माहीत असेल तर ती ऐकायला बसतात.

मग 'गौरव' सुरू होतं, दिवे लागतात, गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजतात. लहान मुलाला घरून छोटी घंटा आणायला सांगणारे धर्मग्राम आहेत, विचारून ठेवा. थोड्याच वेळात 'आलेलुया' येतं. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे (लेंटचे) सगळे आठवडे हा शब्द चर्चमध्ये एकदाही उच्चारलेला नसतो, आणि तो परत येतो तेव्हा जुन्या बायका डोळे पुसतात. पुढे पाणी आशीर्वादित होतं, मेणबत्त्या पुन्हा पेटतात आणि सगळी मंडळी स्नानसंस्काराची वचनं नव्याने देतात. फादर विचारतात, आपण 'होय' म्हणायचं.

कुटुंबातली एखादी व्यक्ती ख्रिस्ती नसेल तर तिने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो, हे बाकावर बसल्यावर कानात सांगू नका. घरी, आदल्या दिवशी, नीट सांगा. बाकी सगळ्यात ती व्यक्ती सामील होऊ शकते, मेणबत्तीही धरू शकते. घेणाऱ्यांनी डावा तळहात वर, उजवा खाली असा धरायचा. प्रसाद तळहातावर आला की उजव्या हाताने तिथेच तोंडात घ्यायचा, बाकापर्यंत न्यायचा नाही.

रात्रीच्या मिस्साने ईस्टरची हजेरी पूर्ण होते. तरी रविवारी सकाळी पुन्हा जाऊन ख्रिस्तप्रसाद घेता येतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा भर पहाटेच्या उपासनेवर असतो, काही ठिकाणी ती कबरस्तानात, सूर्य उगवता उगवता होते. तिथे दव आणि डास दोन्ही असतात. शाल आणि ओडोमॉस पिशवीत असू द्या.

रंगीत अंडी

बाजारचा रंग नको, कांद्याची सालं पुरतात. आठ-दहा मोठ्या कांद्यांची सुकी सालं, एक लिटर पाणी, एक मोठा चमचा व्हिनेगर. वीस-पंचवीस मिनिटं उकळून पाणी गाळा आणि थंड होऊ द्या. पांढरी बॉयलर कोंबडीची अंडी फ्रिजबाहेर काढून अर्धा तास ठेवा. थंडगार अंडं तापत्या पाण्यात तडकतं, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक. प्रत्येक अंड्यावर कोथिंबिरीचं ओलं पान सपाट चिकटवा, वरून जुन्या पातळ मोज्याचा किंवा मलमलीचा तुकडा ताणून गाठ मारा. रंगाच्या पाण्यात घालून मंद आचेवर उकळी आणा आणि दहा-बारा मिनिटं शिजवा. कापड सैल राहिलं तर पानाखाली रंग शिरतो आणि नक्षी पुसट होते. नीट बांधलं तर विटकरी अंड्यावर पांढरं, शिरा मोजता येतील असं पान उमटतं. गावठी अंडी मुळातच तपकिरी, त्यांच्यावर नक्षी दिसत नाही.

हे शनिवारी सकाळी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. अंडी लपवून मुलांना शोधायला लावणार असाल तर मोजून लपवा. एप्रिलच्या उकाड्यात दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं उकडलेलं अंडं खाऊ नये, आणि न सापडलेलं अंडं चौथ्या दिवशी आपणहून सापडतं.

काजूच्या मार्झिपानची अंडी आवडत असतील तर ती विकत आणलेली बरी. घरी काजू मिक्सरमध्ये एका दमात फिरवले की तेल सुटतं आणि गोळा चिकट होतो.

रविवारचं जेवण

सोरपोतेल करायचं असेल तर बुधवारी करा. व्हिनेगरचं हे डुकराचं मटण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुरतं, म्हणजे बरोबर रविवारी, आणि शुक्रवारी मांसाला हात लावायची वेळही येत नाही. ॲल्युमिनियमच्या टोपात नको, व्हिनेगर भांड्याला लागतं. स्टील किंवा मातीचं घ्या. पूर्ण थंड झाल्यावरच फ्रिजमध्ये. डुक्कर न खाणारी मराठी ख्रिस्ती घरं पुष्कळ आहेत, तिथे मटण-वडे किंवा कोंबडीची बिर्याणी असते आणि त्यात सण कुठे कमी पडत नाही.

सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, हवेतच. वसईत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या कॅथलिक) घरांत त्यांच्याशिवाय पंगत बसत नाही. पूर्वी पीठ ताडीने आंबवत, आता यीस्ट वापरतात. पन्नासेक फुग्यांचा अंदाज असा : मैदा अर्धा किलो, ड्राय यीस्ट दोन छोटे चमचे, साखर दोन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा, अंडं एक, नारळाचं जाड दूध २०० मिली, कोमट पाणी साधारण १५० ते २०० मिली. थोड्या कोमट पाण्यात साखर-यीस्ट दहा मिनिटं फुलू द्या. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, पुढे जाऊ नका. मग सगळं एकत्र करून हाताने दहा मिनिटं फेटा, मळू नका. पीठ भज्यांपेक्षा घट्ट आणि पोळीपेक्षा कितीतरी सैल, हातातून लोंबेल पण ओघळणार नाही असं. झाकून ठेवा. आपल्या एप्रिलमध्ये सव्वा ते दीड तासात दुप्पट होतं. रात्रभर ओट्यावर ठेवलं तर आंबट वास मारतो आणि फुगे तेल पितात, म्हणून हे काम रविवारी सकाळचंच.

तळताना डाव्या मुठीत पीठ घ्या आणि मूठ आवळा. अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो, तो ओल्या बोटांनी उचलून तेलात सोडा; बोटांचं पाणी आधी झटका, नाहीतर तेल उडतं. आच मध्यम. पिठाचा थेंब टाकला की दोन-तीन सेकंदांनी वर यावा. चांगला आंबलेला फुगा एक बाजू झाली की तेलात आपणहून कूस बदलतो. तसं होत नसेल तर पीठ अजून अर्धा तास ठेवा. बाहेरून लाल आणि आतून कच्चा निघाला तर तेल फार तापलंय. शेपट्या येत असतील तर पीठ घट्ट आहे, चमचाभर पाणी घाला. पसरट होत असतील तर मूठभर मैदा फेटून घाला आणि पंधरा मिनिटं थांबा.

जेवायच्या आधी घराला पवित्र पाणी द्या. घरातल्या मोठ्या माणसाने वाटीत पाणी घ्यावं, हिरव्या डहाळीने प्रत्येक खोलीत शिंपडावं, मागे बाकीच्यांनी 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणत चालावं. फार तर दहा मिनिटं लागतात. टीव्ही, स्विचबोर्ड आणि फुग्यांचं तेल यांच्यापासून डहाळी लांब ठेवा. देवघरावर आता पांढरं कापड आणि फुलं. शनिवारच्या मेणबत्तीचं उरलेलं थोटूक तिथे लावलं की मुलांना रात्रीची आठवण राहते.

रविवारनंतर

ईस्टर आठ दिवस मोठा सण म्हणून आणि पुढे पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), एकूण पन्नास दिवस चालतो. तोवर पास्काची मेणबत्ती वेदीजवळ दिसेल. रविवारी ज्या नातेवाइकांकडे जाता आलं नाही त्यांच्याकडे या आठवड्यात जा; भेटल्यावर 'प्रभू उठला आहे' म्हटलं तर समोरून 'खरोखर उठला आहे' असं उत्तर येतं. उशिरा शुभेच्छा दिल्या म्हणून कुणी नावं ठेवत नाही, कारण सण संपलेलाच नसतो.

क्रुसामागे खोचलेला झावळीचा क्रूस वर्षभर तसाच राहू द्या. पुढच्या राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये टोपली ठेवतात, त्यात सुकलेल्या झावळ्या टाकायच्या. त्या जाळूनच कपाळाला लावायची राख होते. २०२७ मध्ये तो बुधवार १० फेब्रुवारीला येतो, म्हणून जानेवारीच्या अखेरीला एकदा क्रुसामागे हात घालून बघा.